स्लोला बंद पडणारं इंजिन

गाडी हातभर लांबीची, इंजिन मुठीत मावेल एवढं, सिलिंडर ३.५ सीसीचा. रिमोटचा घोडा ओढला की इंजिन किंचाळतं आणि मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेत गाडी धुळीचा पट्टा मागे सोडून पळते. घोडा सोडला, गाडी वळणावर मंदावली, की इंजिन दोन क्षण टर्र टर्र करतं आणि गप्प होतं. मग गाडी उचलून आणायची, प्लगला दीड व्होल्टची बॅटरी लावायची, दोरी ओढायची. सुरू होते, वेगात झकास धावते, आणि वळणावर पुन्हा बंद.

नायट्रोवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचं हे सगळ्यात जुनं दुखणं. ते गॅरेजात सांगायला तीन शब्द पुरतात : स्लो पकडत नाही. म्हणजे रेस सोडली की इंजिन मंद गतीने चालू राहत नाही. स्कूटरचा मिस्त्री असो, ट्रकचा असो की विहिरीवरच्या इंजिनाचा, एवढं ऐकलं की तो पुढचे प्रश्न सुरू करतो. थंड असताना बंद पडते की तापल्यावर? बंद पडताना आवाज चढतो की उतरतो? धूर किती? खेळण्यातली ही गाडी जन्मली त्याच्या कितीतरी आधी हे प्रश्न विचारले गेले होते, आणि ज्या मुलखात ते विचारले गेले त्यात बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरचा पट्टाही येतो.

कोहिनूर हे याच पट्ट्यातलं, बसवकल्याण तालुक्यातलं गाव. नावात हिऱ्याचा डौल आहे, पण शिवार साधं : तूर, ज्वारी, सोयाबीन, आणि विहिरीला पाणी असेल तर ऊस. बसवकल्याण पूर्वी नुसतं कल्याणी होतं, चालुक्यांची राजधानी आणि नंतर निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या नवाबांची जहागीर. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ला बीदर जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्याकडे. घराघरांतली मराठी मात्र होती तिथेच राहिली. तिच्या शेजारी कन्नड आणि दखनी नांदत होत्याच. या भागातला मिस्त्री एका वाक्यात तिन्ही भाषा वापरतो, आणि 'रेस', 'स्लो', 'प्लग', 'जेट' हे शब्द त्या तिन्हींत सारखेच.

या भागात यंत्राचा आवाज तसा लवकर आला. निजामाच्या रेल्वेने १९३२च्या जूनमध्ये रस्ते वाहतुकीचं खातं काढलं आणि २७ बसगाड्या रस्त्यावर आणल्या. सरकारी मालकीची बससेवा म्हणून देशातल्या अगदी पहिल्यांपैकी ती एक. पण बस दिवसातून एखादी. रोज कानावर पडणारं इंजिन असे ते पिठाच्या गिरणीचं. ते गावाबाहेरून पुक् पुक् ऐकू यायला लागलं, की बायका डोक्यावर पाटी घेऊन निघत.

या इंजिनांच्या घराण्यातला एक पूर्वज नायट्रो गाडीचा सख्खा नातेवाईक शोभावा. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज माणसाने १८९०मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि दोनेक वर्षांत ग्रँथम गावच्या हॉर्न्सबी कारखान्याने ते विकायला काढलं. या इंजिनात ठिणगी नाही. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा. सुरू करण्याआधी त्या गोळ्याखाली ब्लो लॅम्प धरायचा आणि तो पुरता तापेपर्यंत काही मिनिटं थांबायचं. मग चाक फिरवायचं. तेल तापलेल्या गोळ्यात फवारलं की पेटतं. एकदा इंजिन चालू लागलं की दिवा काढून घ्यायचा, कारण प्रत्येक स्फोट गोळ्याला पुढच्या स्फोटापुरतं तापवून ठेवतो.

ही सोय मोठी सुबक होती. बॅटरी नको, मॅग्नेटो नको, रॉकेलपासून कच्च्या तेलापर्यंत जे मिळेल ते चाले. खोट एकच होती. इंजिन रिकामं फिरायला लागलं की तेल कमी जळे, तेल कमी जळालं की गोळा निवे, आणि निवलेल्या गोळ्यात पुढचं तेल पेटत नसे. इंजिन आचके देऊन थांबे. म्हणून काम नसलं की राखणदार पुन्हा दिवा पेटवून गोळ्याखाली ठेवी. भार होता तोवर इंजिन स्वतःची आग स्वतः सांभाळी. आराम मिळाला की ती विझे. नायट्रो गाडीच्या स्लोचं सगळं दुखणं याच एका गोष्टीत आहे. ते पुढे पाहू.

डिझेल इंजिनाने गोळा काढून टाकला. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल आणि फवारलेलं तेल पेटवेल. मराठी मुलखात हे इंजिन बनवणारे लवकर पुढे आले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात देशी डिझेल इंजिन तयार झालं. हेच कूपर १९३७मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिनांचा कारखानदार प्रांताचा पहिला कारभारी होतो, ही गंमत इतिहासाची पुस्तकं एका ओळीत उरकतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर तर सीमाभागातलेच, जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८६९चा. बेळगावातलं सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१०मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी. या कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि पुढे तीच मराठीतलं नावाजलेलं मासिक झाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी केली. पाच अश्वशक्तीचं, मिनिटाला दीड हजार फेऱ्यांचं त्यांचं इंजिन पुढे विहिरींवर दिसू लागलं. त्याच्या जोडीला राजकोटची इंजिनं आली. ती लिस्टर या इंग्रजी कंपनीच्या ठोकळेबाज, ६५० फेऱ्यांच्या नमुन्याबरहुकूम घडवलेली होती, आणि जड चाकाची ही इंजिनं मरता मरत नसत.

मोट सुटली आणि इंजिन बसलं, तसा 'मिस्त्री' हा गावातला नवा मानकरी झाला. विहिरीवरच्या इंजिनाची तक्रार सहसा दोनच प्रकारची. एक, पाइपात हवा धरली. डिझेल संपेपर्यंत इंजिन चालवलं की टाकीतून हवेचा बुडबुडा नळीत शिरतो, आणि पंप दाबतो ते तेल नसून हवा असते. नट सैल करायचा, हँडल फिरवत राहायचं, फेस येणं थांबून तेलाची सरळ धार आली की नट आवळायचा. दुसरी, रेस खाली-वर होते. इंजिन एका लयीत न चालता झोके घेतं : धडधड वाढते, मग पडते, मग पुन्हा वाढते. मिस्त्री लोक त्याला हंटिंग म्हणतात. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचा सांधा अडकलेला असतो, स्प्रिंग ढिली असते किंवा पुन्हा हवा धरलेली असते. भार असताना हे लपतं. पट्टा उतरवला, इंजिन मोकळं फिरायला लागलं, की उघडं पडतं. म्हणून जुनं इंजिन विकत घेताना जाणता माणूस ते पंपाला जोडून बघत नसे; पट्टा काढायला लावी आणि पाच मिनिटं नुसतं ऐकत बसे.

मग रस्त्यावर दुचाकी आल्या, आणि नायट्रो गाडीच्या दिशेने दुसरी पायरी पडली. म्हैसूरच्या आयडियल जावाची जावा १९६१पासून, तिचीच पुढे येझदी झाली. बजाजची स्कूटर पुण्याच्या आकुर्डीहून, चेतक नावाने १९७२पासून. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली, अहमदनगरच्या कारखान्यातली, ५० सीसीची, पायडल मारूनही चालणारी. या सगळ्या टू-स्ट्रोक. इंजिनात वेगळं तेल नाही, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, आणि तेच जळता जळता बेअरिंगला वंगण देणार. पेट्रोल पंपावर तेलाचा हातपंप असे, लिटरला अमुक माप. घाईत माप चुकलं की धूर, धुराचा प्लगवर थर, आणि चौकात गाडी बंद.

टू-स्ट्रोकचा स्लो बसवणं ही कानाची विद्या होती. स्पॅको कंपनीच्या कार्बोरेटरला दोन स्क्रू असतात. एक घसरणारी झडप किती उघडी ठेवायची ते ठरवतो, दुसरा हवा आणि पेट्रोलचं प्रमाण. गाडी चांगली तापवायची. पहिल्या स्क्रूने रेस थोडी जास्त ठेवायची. दुसरा हळूहळू फिरवत जायचं; एका जागी इंजिन सगळ्यात गोड बोलतं, त्याच्या दोन्ही बाजूंना अडखळतं. ती जागा सापडली की पहिला स्क्रू सोडत रेस उतरवायची. एवढं करूनही स्लो बसत नसेल, रेस आपोआप चढत असेल, तर दोष कार्बोरेटरमध्ये नाही. मिस्त्री कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात ठेवून बघे. हात ठेवल्यावरही इंजिन लगेच गुदमरलं नाही, तर हवा दुसरीकडून शिरते आहे : गॅस्केटमधून, नाहीतर क्रँकच्या ऑइल सीलमधून. मग इंजिन उतरवावं लागे आणि खर्च वाढे. गिऱ्हाइकाला हे पटवून देणं सील बदलण्यापेक्षा अवघड जाई.

इथवर आलेल्या मिस्त्रीच्या हातात नायट्रो गाडी दिली तर त्याला ती अर्धी ओळखीची वाटेल. टू-स्ट्रोकच आहे, तेल इंधनातच आहे, कार्बोरेटरला सुया आहेत. प्लगची वायर मात्र सापडणार नाही. कॉइल नाही, मॅग्नेटो नाही, ठिणगी नाही. इथे तो आजोबांच्या गिरणीत जाऊन पोचतो.

रे आर्डेन या अमेरिकन माणसाने १९४७मध्ये छोट्या विमानांच्या इंजिनांसाठी ग्लो प्लग बाजारात आणला. त्याआधी एवढ्याशा विमानाला कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरीचं ओझं घेऊन उडावं लागे. युरोपात ईथर मिसळलेल्या इंधनावर चालणारी छोटी डिझेल इंजिनं होती, आणि आपल्याकडे पुढे कलकत्त्याला ऑरोरा नावाची तशी इंजिनं बनत. आर्डेनच्या प्लगमध्ये फक्त प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं होतं. बॅटरीने ते लाल करायचं, इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. इंधनातला मिथेनॉल प्लॅटिनमला लागला की पृष्ठभागावरच जळतो आणि तारेला लाल ठेवतो. प्लॅटिनमचा हा गुण नवा नव्हता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांनी १८२३मध्येच प्लॅटिनमवर हायड्रोजन सोडून दिवा पेटवून दाखवला होता. ग्लो प्लगमध्ये डोबरायनरचा दिवा आणि अॅक्रॉइड स्टुअर्टचा गोळा एकत्र आले. गोळ्याची खोटही वारशात आली : इंजिन रिकामं फिरलं की तार निवते.

या इंधनात तिसरी गोष्ट आहे ती आपल्या घरातली. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्यात मिसळतात ते एरंडेल. पेट्रोलमध्ये ते नीट विरघळत नाही, मिथेनॉलमध्ये सहज विरघळतं, आणि बाकी तेलं जळून जातात अशा उष्णतेतही धातूला चिकटून राहतं. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानांची रोटरी इंजिनं याच तेलावर चालत. ती इंजिनं पंख्यासकट गरगर फिरत आणि जळलेल्या एरंडेलाचा फवारा वैमानिकाच्या तोंडावर येई. वैमानिकांच्या पोटाचे हाल ज्याला कळायचे त्याला कळतील. त्या इंजिनांना स्लो नावाची चीजच नव्हती. पूर्ण वेग किंवा बंद, एवढंच. विमान उतरवताना वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडे, सोडे, पुन्हा तोडे, आणि इंजिन आचके देत खाली येई.

१९०९मध्ये वेकफिल्ड या इंग्रज कंपनीने आपल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' नाव दिलं ते 'कॅस्टर', म्हणजे एरंड, या शब्दावरूनच. ब्रिटिश काळात भारतात एरंडीचा सगळ्यात मोठा पेरा हैदराबाद संस्थानात होता, मुख्यत्वे तेलंगणाच्या कोरडवाहू जमिनीत. आज तो मान गुजरातकडे आहे. बीदरकडे एरंड बांधावर असतो. पानं दुखऱ्या गुडघ्याला, तेल पोराच्या पोटाला. नायट्रोच्या डब्यात दहाव्या हिश्शाच्या आसपास तेल असतं, चेतकच्या टाकीत शंभराला दोन भाग पुरत. एरंडेलाचा दुर्गुण असा की तापून ते लाखेसारखं चिकटतं. सीझनभर चाललेल्या इंजिनाच्या पिस्टनवर तपकिरी थर बसतो, गाडी महिनाभर पडून राहिली की पिस्टन जागच्या जागी धरून बसतो.

आता त्या वळणावर बंद पडलेल्या गाडीकडे. जाणता माणूस सुयांना हात लावायच्या आधी बाकीच्या जागा तपासतो. प्लग पहिला : बॅटरी लावून तार पूर्ण लाल होते का, की अर्धीच? तार काळवंडलेली, वाकडी असेल तर प्लग बदलायचा. वेगात असा प्लग चालून जातो, स्लोला दगा देतो. मग हवेचा फिल्टर. मग ब्रेक : घोडा मध्यावर असताना ब्रेक जरासा धरत असेल तर इंजिन स्लोला उगाच भार ओढतं. मग कार्बोरेटरची फट : झडप बंद असताना अर्धा ते एक मिलिमीटर उघडी दिसावी.

त्यानंतर चिमटीची परीक्षा. इंजिन तापलेलं, गाडी स्लोला. कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी दोन बोटांत दाबायची आणि मोजायचं. रेस किंचित चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर प्रमाण ठीक. दाबताक्षणी मेलं तर इंधन कमी पडतंय. चढत राहिलं, चारपाच सेकंद तसंच फिरत राहिलं, तर इंधन जास्त जातंय. आपल्या वळणावरच्या गाडीचं बहुतेकदा हे शेवटचं असतं. न जळलेलं इंधन क्रँककेसमध्ये साचतं, आवाज हळूहळू खोल जातो, तार निवते, इंजिन थांबतं. स्लोची सुई एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, त्याहून जास्त नाही, आत घ्यायची आणि प्रत्येक वेळी गाडी एकदा पळवून आणायची. उलट घोडा सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लावत असेल, वर लटकून राहत असेल, तर सुई बाहेर.

आणि सुई फिरवूनही स्लो एका जागी राहत नसेल, आज बसतो, उद्या हलतो, तर चेतकच्या मिस्त्रीचाच निदानग्रंथ उघडायचा : हवा शिरते आहे. कार्बोरेटरच्या बुडाची रबरी कडी, मागचं झाकण, पुढचं बेअरिंग. शिवाय इथे एक जागा जास्त. इंधनाच्या टाकीला सायलेन्सरच्या दाबाची नळी जोडलेली असते; टाकीच्या झाकणाचं रबर ढिलं झालं की दाब गळतो आणि स्लो बिघडतो. बेअरिंग खराब होण्याचं कारण पुष्कळदा मिथेनॉलच असतं. तो हवेतला ओलावा शोषतो. खेळून झाल्यावर टाकी रिकामी न करता गाडी कपाटात ठेवली की पावसाळ्यानंतर बेअरिंग गंजलेलं मिळतं.

शेवटी इंजिनाची स्वतःची झीज. या इंजिनांच्या पिस्टनला रिंग नसते. अॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेली पितळी नळी, आणि ती वर किंचित निमुळती. नवं इंजिन हाताने फिरवलं की वरच्या टोकाला पिस्टन अडकल्यासारखा वाटतो. ती पकड गेली की थंड इंजिन सुरू होतं, तापलं की स्लोला बंद पडतं आणि पुन्हा सुरू व्हायला तयार नसतं. यावर सुई नाही, प्लग नाही. नवा संच घालायचा.

बीदरच्या पठारावर यात हवामान आणखी भर घालतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच म्हणजे हवा थोडी विरळ. कंपनीने सांगितलेल्या खुणेवर सुई ठेवली तर इंधन जास्त होतं. मे महिन्याच्या दुपारी ते आणखी जास्त, डिसेंबरच्या पहाटे कमी. ही अडचण इथल्या आकाशाला नवी नाही. बीदरच्या हवाई दलाच्या तळावर नवखे वैमानिक पिढ्यान् पिढ्या उडायला शिकले, आणि १९९६मध्ये सूर्यकिरण हे कसरती विमानांचं पथक तिथेच उभं राहिलं.

टू-स्ट्रोकचे दिवस धुराच्या नियमांनी संपवले; २००० आणि २००५च्या नियमांनंतर चेतक आणि तिची भावंडं रस्त्यावरून हटली. विहिरींवर विजेची मोटर बसली. नायट्रो गाड्यांची जागा बॅटरीवरच्या गाड्या घेत आहेत; त्यांना इंधन मागवायची कटकट नाही, सुया नाहीत, फट नाही. जानेवारी २०२०मध्ये चेतक परत आली, फेब्रुवारी २०२४मध्ये लुना. दोन्ही विजेवर. सिग्नलला उभ्या असल्या की त्या काहीच आवाज करत नाहीत. त्यांच्यात स्लोचा स्क्रू कुठे असतो असं कुणी मिस्त्रीला विचारलं, तर तो हँडलखाली वाकून एकदा बघतो मात्र.